दुपारी एकचं पाणी

१

शनिवारी दुपारी एक वाजून बावीस मिनिटांनी नागसेनचा फोन आला, तेव्हा माझ्या डब्यातली भेंडी अर्धी संपली होती.

"मावशी, गाडी पाण्यात गेली."

"कुठली गाडी?"

"आपल्या ट्रकवरची. काळूरामशेठची." त्याचा श्वास पुरत नव्हता. "आणि आत माणूस आहे, मावशी. आत माणूस आहे."

माझं काम समजायला सोपं आहे, करायला नाही. राहनाळच्या एका टोईंग यार्डात मी अकरा वर्षं डेस्कवर बसते. भिवंडीत कुठेही तुमची गाडी बंद पडली आणि तुम्ही विमा कंपनीला फोन केलात, की तो फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो. मी ट्रक पाठवते. बंद गाडी ट्रकच्या पाठीवर चढते आणि कंपनीच्या ठरलेल्या गॅरेजला जाते. ते गॅरेज खाडीपलीकडे आहे. पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये तीन-तीन तास जायला लागले, तशी कंपनीने फेरीबोटीचा रस्ता मंजूर केला. तेव्हापासून मी दोन-तीनशे मेलेल्या गाड्या पाण्यावरून पलीकडे धाडल्या असतील. एकीचाही आरसा फुटला नव्हता.

तीन वाजता क्रेनने गाडी वर काढली. दारं बंद, काचा वर. बॅटरी उतरलेल्या गाडीच्या काचा खाली होत नाहीत आणि बाहेरच्या पाण्याचा जोर दार उघडू देत नाही. स्टिअरिंगवर पंढरीदादा होता, काळूरामशेठच्या गोडाऊनवरचा जुना सुपरवायझर, एकसष्ट वर्षांचा. त्याच्या दोन्ही हातांची नखं तुटलेली होती. ते मी पाहिलं आणि तिथेच चिखलात खाली बसले.

संध्याकाळी पोलिसांनी नागसेनला उचललं. पट्टे नीट बांधले नाहीत, बंद गाडीत माणूस बसू दिला आणि स्वतः जेवायला गेला, असा आरोप. कलम सदोष मनुष्यवधाचं. मंगळवारी पुन्हा कोर्ट, आणि तिथून ठाण्याचा तुरुंग. नागसेन माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. ती गेल्यापासून माझ्याच घरी वाढलेला. त्याला ट्रकवर चिकटवलं होतं तेही मीच.

२

सोमवारी सकाळी पीएसआय ठोंबरे मॅडमनी मला दहा मिनिटं दिली. वय तिशीच्या आत, आवाज साठीतला.

नागसेन गजाआड उकिडवा बसला होता. मला बघून उठला, पण डोळे वर केले नाहीत.

"नीट सांग. पहिल्यापासून," मी म्हटलं.

"साडेबाराला जेट्टीवर पोचलो. ओहोटी होती. भरलेला ट्रक चढवायला पाणी पाहिजे, तर फेरीवाले बोलले, तीनशिवाय नाही. मी रोजच्यासारखा ट्रक उलटा लावला."

उलटा म्हणजे शेपूट पाण्याकडे. आमच्या जेट्टीवर गाड्या फेरीवर मागच्या मागे चढवतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. उतारावर थांबलेल्या ट्रकवरची गाडी त्यामुळे सगळा भार पाण्याच्या बाजूला टाकून उभी असते. बंद गाडी न्यूट्रलमध्ये. तिला धरून ठेवतात ते फक्त चार चाकांचे चार पट्टे.

"पट्टे किती होते?"

"चार! आईशपथ चार. गाडीत कोण नव्हतं. पंढरीकाका खाली उभा होता, तो माझ्यासोबत गॅरेजला येणार होता. काळूरामशेठचा मुलगा, भाविकशेठ, ते पण होते, कागद घेऊन आलेले. तेच बोलले, तीन वाजेपर्यंत काय करतोस, जा जेवून ये. मी कॅन्टीनला गेलो. अर्ध्या तासाने धाडकन आवाज आला."

ठोंबरे मॅडम मागून म्हणाल्या, "ट्रकवर पट्टे दोनच सापडलेत. पुढच्या चाकांचे, निसटलेले. मागचे दोन कुठे आहेत? आणि हा फोटो बघा."

तो फोटो मी आधीच पाहिला होता. रविवारपासून गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरत होता, खाली टोवाल्यांच्या नावाने शिव्या घालून. जेट्टीच्या उतारावर आमचा ट्रक, त्यावर काळूरामशेठची मरून गाडी, पुढच्या चाकांना नारिंगी पट्टे, मागची चाकं मोकळी. आणि स्टिअरिंगवर पंढरीदादा.

"शनिवारी पाऊण वाजता काढलेला. मालकांनी दिलाय," मॅडम म्हणाल्या.

"हा शनिवारचा नाहीच!" नागसेन गज धरून ओरडला. "हा त्याच्या आठ दिवस आधीच्या शुक्रवारचा! तेव्हा पण हीच गाडी, हीच कम्प्लेंट. जेट्टीपर्यंत नेली, तिथे भाविकशेठ बोलले, पलीकडे नको, इथला मेकॅनिक मिळाला, खाली उतरव. उतरवताना मागचे पट्टे आधी सोडतात. ब्रेक धरायला पंढरीकाका आत बसला होता. मावशीला विचारा!"

मॅडमनी टेबलावरचा कागद माझ्यापुढे सरकवला. "विमा कंपनीकडून आलंय. त्या शुक्रवारचं काम, रद्द. शेरा, ट्रक पोहोचण्यापूर्वीच ग्राहकाने नकार दिला. ट्रक पोचलाच नव्हता, तर हा फोटो निघाला कुठून?"

मी कागद हातात घेतला. ती नोंद खोटी होती, आणि ती मी केली होती.

३

हे आमच्या धंद्यातलं रोजचं पाप आहे. विम्यात ग्राहकाला वर्षाला चार टो फुकट मिळतात. गाडी ट्रकवर चढली की एक संपला. मग ऐनवेळी नको म्हणणारा माणूस हळूच विचारतो, 'मंदाताई, ट्रक पोचलाच नाही असं टाका ना.' आम्ही टाकतो. ड्रायव्हरलाही पुढचं काम पटकन मिळतं, कुणाचं काही बिघडत नाही. त्या शुक्रवारी भाविकने असाच गोड फोन केला होता आणि मी त्याच्यावर उपकार केले होते. रद्द कामाचे फोटो अॅप आपोआप उडवून टाकतं. ट्रकचं जीपीएस दिवाळीपासून बंद, मालकाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

मी मॅडमना सगळं तिथल्या तिथे सांगितलं. नोकरी जाणार हे बोलतानाच कळत होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कंपनीला खोटं कळवलं, हे तुम्ही कबूल करताय. आणि आता खरं बोलताय, हे मी मानायचं. आरोपीची मावशी."

मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

"दुसरं काही असेल तर आणा," त्या म्हणाल्या. "उद्या अकराच्या आत."

रिक्षाने थेट जेट्टी गाठली. तिकीट खिडकीत मनोज बसला होता. एरवी मला बघून दात काढणारा मनोज त्या दिवशी पावत्यांची चळत पुन्हा पुन्हा सारखी करत बसला.

"मी कायच बघितलं नाही, मंदाताई. मी जाग्यावर नव्हतो."

"फेरी लागलेली, ट्रक उतारावर, आणि तू जाग्यावर नाहीस?"

"पाणीच नव्हतं तर फेरी कुठली लागते? ती मधे उभी होती. त्यात भाविकशेठ बोलले, गाडीच्या कागदांचे दोन झेरॉक्स काढून आण. नाक्यावर गेलो, तिथे लाइट नव्हती, थांबलो."

"बंद गाडीच्या कागदांचे झेरॉक्स फेरीला लागतात? मी इतक्या गाड्या पाठवल्या, कधी मागितलेत?"

मनोजने मान हलवली. "नाही. पण शेठलोक बोलले तर आपण काय बोलायचं? पोटाला चिमटा कोण घेणार?"

"आणि हा फोटो? तू काढलास?"

"आई शप्पत नाही! तो काळूरामशेठच्या मोबाईलवरून आलाय. त्यांनी स्वतः मॅडमना पाठवला, माझ्यासमोर."

काळूरामशेठ! हे नाव मला नको होतं. दापोड्यातली सहा गोडाऊनं त्यांच्या नावावर. दोन महिन्यांपूर्वी त्यातलं एक पेटलं आणि आत दोन हमाल जळून मेले. मागचं शटर बाहेरून साखळीने बंद होतं, असं लोक बोलायचे. ती साखळी कुणी लावली ते कुणाला माहीत नव्हतं. निदान कुणी बोलत नव्हतं.

गोडाऊनच्या किल्ल्या पंढरीदादाकडे असायच्या.

४

पंढरीदादाचं घर जेट्टीच्या मागेच, खाडीकडे तोंड करून. पुतळाबाई ओसरीवर बसली होती. रडून झालेलं होतं. भोवतीच्या बायका मला बघून उठल्या आणि त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. माझ्या भाच्याने तिचा नवरा मारला, असं सगळं गाव म्हणत होतं. मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"ये, मंदाबाय," पुतळाबाई म्हणाली. "तुज्यावर राग न्हाय."

मी तिच्यापाशी बसले. थोड्या वेळाने विचारलं, "वहिनी, दादा गेल्या महिन्यात कसे होते?"

"जेवत न्हवता. आगीपासून नीट जेवलाच न्हाय. त्या पोरांची तोंडा दिसतान बोलायचा. आज सोमवार ना? आज त्याचा जबाब व्हता. चौकशीवाले सायेब येनार व्हते. मना बोलला, पुतळे, मी खरा सांगनार. साखली लावायला कोनी सांगितली ता सांगनार."

"कुणी सांगितली?"

"ता मना न्हाय सांगितला. बोलला, तू ऐकशील तर तुला पन तरास देतील."

आज जबाब, आणि परवा मेला. मी दोन दिवस हा अपघात आहे, फक्त दोष चुकीच्या माणसावर आलाय, एवढंच धरून चालले होते.

"वहिनी, तो फोटो तुम्ही बघितलात?"

"पोरांनी न्हाय बघू दिला. दाखव."

मला दाखवायचा नव्हता. पण तिने हात पुढे धरला होता. मोबाईल घेऊन तिने आधी नवऱ्याच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. फोटो मोठा झाला, सरकला, कोपऱ्यात गेला. ती तिथे थांबली.

"ही आमची होरी."

"कुठे?"

ट्रकच्या टपामागे जेट्टीची दगडी भिंत होती. भिंतीच्या वर, अगदी कडेला, निळ्या रंगाचं एक टोक दिसत होतं. मी ते इतक्या वेळा पाहून पत्र्याचा तुकडा समजले होते.

"होरीचा नाक हाय ता. पांढरा पट्टा मीच मारलाय त्याला." पुतळाबाईने माझ्याकडे पाहिलं. "पन मंदाबाय, ह्यो शनवारचा फोटो कसा असेल?"

ती उठली आणि मला भिंतीपाशी घेऊन गेली. दुपारचे दीड वाजले होते, पाणी उतरत होतं. मी भिंतीवरून खाली वाकले. निळी होडी खाली, पुरुषभराहून कितीतरी खोल, चिखलात एका कुशीवर कलंडून पडली होती.

"रोजच्या भरतीला पन ती भितीच्या खालीच रहाते," पुतळाबाई म्हणाली. "नाक वर दिसतो तो फकस्त अवसेला नाय तर पुनवेला. मोठ्या उधानाला. शनवारी तर अष्टमी व्हती. दुपारी येक वाजता खारीत पानीच न्हाय!"

५

मी यार्डात परत आले आणि कॅलेंडर काढलं. शनिवार, अष्टमी. त्याच्या आठ दिवस आधीचा शुक्रवार, अमावास्या.

खाडीकाठची जुनी माणसं तिथीवरून पाणी सांगतात, आणि ते चुकत नाही. अमावास्येला आमच्या खाडीत दुपारी एकच्या सुमाराला भरती पुरी होते, आणि तीही उधाणाची. मग रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकत अष्टमीला भरती संध्याकाळी सातवर जाते आणि दुपारी एकला नेमका ओहोटीने तळ गाठलेला असतो. घड्याळात तीच वेळ, ऊनही तेच, सावल्याही त्याच. पाणी मात्र पूर्ण उलटं. बंदराचं छापील कोष्टक काढून पाहिलं, त्यातही तेच होतं.

म्हणजे फोटो शुक्रवारचा. मोबाईलवरून पुढे पाठवत आलेल्या फोटोवर काढल्याची तारीख राहत नाही. नागसेन खरं बोलत होता आणि फोटो देणारा खोटं.

आता पुढचं आपोआप जुळत गेलं आणि ते जुळू नये असं वाटत राहिलं. शनिवारी ट्रक तीनपर्यंत अडकणार हे फेरीच्या वेळापत्रकावर कुणालाही दिसतं. ड्रायव्हर जेवायला जातो. तिकीटवाला झेरॉक्सला जातो. मागे राहतात दोघं. 'गाडी पुन्हा खाली घ्यायचीय, तू बस आणि ब्रेक धर,' एवढंच म्हणायचं. आठ दिवसांपूर्वी हेच केलेलं असल्यामुळे पंढरीदादाला संशय यायचं कारण नव्हतं. तो बसला. इंजिन बंद असलेल्या गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो, म्हाताऱ्या पायाने काय दबणार? बाहेरच्या माणसाने एकेक करून चारही पट्टे सोडले. पुढचे दोन तिथेच टाकले, मागचे दोन उचलून नेले. फेरीसाठी उकरलेल्या चरात ओहोटीलाही दोन पुरुष पाणी असतं.

तो माणूस कोण? जेट्टीवर होता भाविक. फोटो आला काळूरामशेठच्या मोबाईलवरून. गोडाऊन बापाचं, कारभार मुलाचा. दोघं मिळून?

इथे मी बराच वेळ अडले. मग एक गोष्ट लक्षात आली. काळूराम लहानपणी याच खाडीत पंढरीबरोबर जाळं टाकायचा. जमिनी विकून शेठ झाला तरी तिथी न बघता घराबाहेर पडत नाही. त्याने हा फोटो नीट पाहिला असता, तर शनिवारचा म्हणून कधीच दिला नसता. पहिल्या नजरेत त्याला पाणी खटकलं असतं. ही चूक खाडीवर जन्मून खाडीकडे कधी न पाहिलेल्या माणसाची होती. भाविक एसी ऑफिसात वाढलेला. त्याने मोबाईलवर फेरीची वेळ बघितली होती, बस.

पण हे माझ्या डोक्यात होतं. मॅडमना काय, आरोपीच्या मावशीचं डोकं दाखवू? मी फोटो नाक्यावर मोठा छापून घेतला आणि दापोड्याला निघाले.

६

बंगल्याच्या हॉलमध्ये काळूरामशेठ सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. तीन दिवसांत माणूस वाळला होता. भाविक उभा होता, कानाला फोन. मला बघून त्याने फोन ठेवला.

"मंदाताई, तुम्ही इथे यायला नको होतं. केस चालू आहे. भाच्यासाठी वाईट वाटतं, पण आमचाही माणूस गेलाय."

"तुमच्याकडे नाही आले. शेठना एक विचारायचंय." मी कागद काळूरामशेठच्या मांडीवर ठेवला. "शेठ, हा फोटो तुम्ही मॅडमना पाठवला?"

"भाविकने मना पाठवला, मी पुढं पाठवला. मना यातला कळत न्हाय. लहान दिसतो मोबाईलवर."

"आता मोठा केलाय. बघा."

"बाबा, बघायची गरज नाही," भाविक म्हणाला. "मंदाताई, निघा तुम्ही."

पण म्हाताऱ्याने चष्मा लावला होता. पंढरीच्या चेहऱ्यावर त्याची नजर बराच वेळ राहिली. मग ती भिंतीवर गेली, कोपऱ्यात गेली. त्याचे ओठ हलले. सवयीने, विचार न करता, हवापाण्याचं बोलावं तसं तो बोलला.

"ह्ये तर अवसेचं पानी हाय."

भाविकच्या चेहऱ्यावर फक्त गोंधळ होता. काय पाणी, कसलं पाणी, कुठे आहे पाणी, हे त्याला खरंच कळलं नव्हतं. मला त्या क्षणी त्याची कीवही आली आणि कानाखाली वाजवावीशीही वाटली.

"अवस त्याच्या आठ दिवस आधी, शुक्रवारी होती, शेठ," मी म्हटलं. "आणि दादा शनिवारी गेले."

काळूरामशेठनी चष्मा काढला. मुलाकडे पाहिलं, तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बापाची ती नजर परक्याने बघायची नव्हती.

"भाविक, तू तर मना बोललास, शनवारी काढला."

"बाबा, गप्प बसा. ही बाई आपल्याला अडकवायला आलीय."

"मी इचारतोय त्ये सांग."

"मी तुमच्यासाठीच... त्या साखळीवर नाव कुणाचं आलं असतं? गोडाऊन तुमच्या नावावर आहे, बाबा!"

म्हाताऱ्याने हात वर करून त्याला थांबवलं. कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"मंदाबाय, तू जा."

"शेठ, उद्या अकराला कोर्ट आहे. तुम्ही एक शब्द बोललात तर माझा पोरगा सुटेल."

"जा सांगितला ना!"

दार माझ्या मागे लागलं. छापलेला फोटो त्यांच्या खिशात होता आणि एकुलता एक मुलगा त्यांच्या समोर.

७

मंगळवारी साडेनऊला मी पुतळाबाईला घेऊन पोलीस स्टेशनला गेले. भरतीचं कोष्टक, होडी, भिंत, झेरॉक्स, खोटी नोंद, सगळं मांडलं. ठोंबरे मॅडम शेवटपर्यंत ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि भुवया आवळल्या.

"भरतीचं पटतंय," त्या म्हणाल्या. "पण होडीचं टोक कुठवर येतं हे कोष्टकात नाही. ते सांगणार या, मयताची बायको. आणि तुम्ही, आरोपीची मावशी. मागचे पट्टे अजूनही नाहीत. नागसेन शुक्रवारचं बोलत होता ते मी नोंदवते, पण आजच्या आज त्याला सोडण्याइतकं हे नाही."

साडेदहा वाजता नागसेनला व्हॅनकडे घेऊन निघाले. हातात दोर. माझ्याकडे बघून तो हसायचा प्रयत्न करत होता, आणि ते मला बघवत नव्हतं. मी त्याच्या मागे दोन पावलं गेले आणि हवालदाराने मला अडवलं.

तेवढ्यात फाटकात रिक्षा थांबली. काळूरामशेठ एकटेच उतरले. पायात चप्पल नव्हती. काखेत गोणपाटाचं बोचकं होतं. ते कुणाशी न बोलता आत गेले आणि बोचकं मॅडमच्या टेबलावर सोडलं. आत दोन नारिंगी पट्टे होते, आमच्या यार्डाचा नंबर रंगवलेले.

"जळक्या गोडाऊनच्या मागं व्हते," ते म्हणाले. "तिथं आता कोन जात न्हाय. सकाली मी गेलो."

मॅडम उभ्या राहिल्या. "कोणी ठेवले?"

"ल्हिवून घ्या, मी सांगतो. फोटो अवसेचा हाय. पंढरीची होरी त्या भितीवर कवा येते, मना झोपेत इचारा. शनवारी दोन वाजता त्यो घरी आला तवा त्याच्या पँटीला गुडघ्यापर्यंत जेट्टीचा चिखल व्हता. मी इचारला न्हाय. साखली पन त्यानीच लावायला सांगितली, चोरी व्हते म्हनून. रात्री मना बोलला सगला."

व्हॅनचं दार उघडं राहिलं. नागसेन एक पाय आत, एक बाहेर असा थांबला होता. पुतळाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात धरून हमसून हमसून रडायला लागली. तिच्याकडे बघायची काळूरामशेठची हिंमत होत नव्हती.

मॅडमनी कोरा जबाब पुढे ओढला. साक्षीदाराचं नाव, वय, राहणार, धंदा. म्हातारा एकेक सांगत गेला. शेती म्हणाला. गोडाऊन म्हणाला नाही.

"आरोपीचं नाव?"

"भाविक."

"पूर्ण नाव लागेल."

त्याने मुलाचं नाव सांगितलं. मधलं नाव सांगताना आवाज फुटला, कारण ते त्याचंच होतं. मॅडमनी लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर थांबल्या. त्यांनाही विचारायचं नव्हतं, पण रकाना भरावा लागतो.

"आरोपीशी नातं?"

काळूरामशेठ टेबलाची कड धरून उभे होते. बाहेर हवालदार नागसेनच्या हाताचा दोर सोडत होता, आणि मी माझ्या पोराकडे धावायचं सोडून त्या म्हाताऱ्याकडेच बघत राहिले.

"बाप," ते म्हणाले. "ल्हिवा, बाप हाय मी."

मॅडमनी तो शब्द लिहिला आणि कागद सहीसाठी त्यांच्याकडे फिरवला.